हुन्नर : वाडग्याचा तळ

गेल्या महिन्यात एका भगिनीचं पत्र आलं. मुलगा सुतारकाम शिकला आहे. त्याने जुना लेथ घेतला, लाटणी आणि पलंगाचे पाय कातून घरात चार पैसे आणू लागला. आता लाकडी वाडग्यांची मागणी आली आहे आणि त्यासाठी चार जबड्यांचा चक हवा, म्हणून तो पैसे मागतो. 'चक नसेल तर वाडगा होतच नाही का?' असं त्या विचारतात.

होतो. आपल्यात खरादी आडनावाची घरं आहेत. खराद म्हणजे लेथच. असे लोखंडी चक बाजारात येण्याच्या कितीतरी आधीपासून लाकूड कातलं जात होतं. लाकूड धरायला लाकडाचाच साचा करत.

लाटणं दोन टोकांत धरलं जातं, त्याचं काही अवघड नाही. वाडग्याला मात्र आतून कोरायचं असतं, म्हणजे एका बाजूने मोकळं ठेवावं लागतं. आधी फेसप्लेट तोंडाच्या बाजूला स्क्रूने बसवावी. ते लाकूड पुढे कोरून जाणारच आहे, तेव्हा स्क्रूच्या भोकांची चिंता नाही. फक्त स्क्रू जिथवर कोरायचं त्याहून खोल जाऊ देऊ नये. बाहेरचा आकार काढून तळ सपाट करावा आणि लेथ फिरत असतानाच तळावर पेन्सिलीने वर्तुळ आखावं, नाहीतर पुढे केंद्र चुकतं. त्या वर्तुळात एक रद्दी ठोकळा फेव्हिकॉलने चिकटवावा. वाडगा लहान असेल, १२-१५ सेंटिमीटरचा, तर मध्ये किराणाच्या पिशवीचा खाकी कागद घालावा. एक दिवस वाळू द्यावं. मग फेसप्लेट त्या ठोकळ्यावर बसवून आतून कोरावं. शेवटी सांध्यावर पटाशी ठेवून हलकेच ठोकलं की कागद मधोमध फाटतो. मोठ्या वाडग्याला मी कागदावर विसंबत नाही. ठोकळा थेट चिकटवतो आणि नंतर कातून काढतो.

आता राहिला तळ, आणि पोरं इथेच घाई करतात. तळ साफ करायला वाडगा उलटा धरावा लागतो. पॅकिंगच्या खोक्याच्या देवदारी फळ्या चिकटवून जाड चकती करा, ती फेसप्लेटवर बसवा आणि तिला वाडग्याच्या काठाच्या मापाची खाच कातत जा. खाच तोंडाशी केसभर रुंद, आत अरुंद. दर वेळी लेथ थांबवून वाडगा लावून बघायचा. तळहाताने दाबल्यावर बसला आणि हलवल्यावर हलला नाही, की झालं. जास्त कातलं गेलं तर खाचेत ओला कागद घाला किंवा खाच पाण्याने किंचित भिजवा, लाकूड फुगून पकडतं. खाचेऐवजी काठाच्या आत जाणारा खुंटाही चालतो, पण तो घट्ट झाला तर काठ बाहेर ढकलून वाडगा चिरतो. मला खाचच आवडते.

साचा केला त्याच दिवशी वापरा. लाकूड तंतूंच्या आडव्या दिशेला जास्त आकसतं, उभ्या दिशेला नाममात्र. म्हणून ओल्या लाकडाचा गोल वाडगा दोन दिवसांत अंडाकृती होतो. साचाही हलतो. पावसाळ्यात तर सकाळी घट्ट बसलेला संध्याकाळी खुळखुळतो. जुना साचा पुन्हा वापरताना एकदा कातून गोल करून घ्यावा.

टेलस्टॉक मात्र काढायचा नाही. तळाच्या मध्यावर तो टेकलेला असू द्या, भोवतीचं सगळं साफ करा, मध्ये बोटभर खुंट उरेल. लेथ बंद करून तो पटाशीने हातानेच तासा. मी एकदा हा खुंटही लेथवरच काढायला गेलो आणि टेलस्टॉक मागे सरकवला. फणसाचा वाडगा कानाजवळून गेला आणि शटरवर फुटला. २० सेंटिमीटरचा वाडगा मिनिटाला १००० फेरे घेतो तेव्हा त्याचा काठ ताशी जवळपास ३८ किलोमीटरच्या वेगाने धावत असतो. एवढ्या वेगाची मोटारसायकल अंगावर कोण घेईल? वेग कमी ठेवावा आणि लेथ सुरू करताना वाडग्याच्या समोर न राहता बाजूला उभं राहावं.

ताई, चकचे पैसे आत्ता राहू द्या. त्यातून पूर्ण चेहरा झाकणारी पारदर्शक ढाल घ्या, साधा चष्मा पुरत नाही. सैल बाह्या, गळ्यातला रुमाल, अंगठी घालून त्याला लेथपाशी जाऊ देऊ नका. आणि पहिला वाडगा आंब्याच्या ओंडक्याचा करायला सांगा, सागवानाचा नको. पहिला बहुधा फुटतोच.