'आपला आज्ञाधारक' कोणाचा?

मराठीच्या पेपरात पत्रलेखनाचा प्रश्न तपासताना समारोप 'चुकला' की आपण शिक्षकमंडळी अर्धा गुण कापतो. अर्जाखाली 'आपला आज्ञाधारक' किंवा 'आपला कृपाभिलाषी' दिसले नाही की लाल रेघ ठरलेली. आमचे म्हणणे असे की, चूक ते लिहिण्यात आहे आणि ती आपणच शिकवतो.

परंपरेचा दाखला देणाऱ्यांनी परंपरा तरी नीट पाहावी. शिवाजी महाराजांच्या पत्राअखेर 'मर्यादेयं विराजते' ही मुद्रा उमटे, पेशवाईत 'लेखनसीमा'. मजकूर येथे संपला, याखाली कोणी काही घुसडू नये, एवढाच त्यांचा अर्थ. घरगुती पत्रात वडील आशीर्वाद लिहीत, धाकटे नमस्कार, बरोबरीचे 'लोभ असावा'. नाते बदलले की शेवट बदले. 'आज्ञाधारक सेवक' हे मात्र इंग्रजी अमदानीतल्या कचेरीचे भाषांतर. साहेब गेला, त्याचा सेवक आमच्या उत्तरपत्रिकांत राहिला.

१८८५ साली न्यायमूर्ती रानड्यांनी ग्रंथकार सभेचे निमंत्रण धाडले, तेव्हा जोतीराव फुल्यांनी ते खरमरीत पत्र लिहून नाकारले. शेवटी सलाम केला आणि सहीआधी स्वतःला रानड्यांचा 'दोस्त' म्हटले. इतका कडवा मतभेद आणि इतकी सरळ बरोबरी! हेच पत्र आज परीक्षेत कोणी लिहिले, तर आपण त्याचाही अर्धा गुण कापू.

आमच्या करमाळा तालुक्यातली कित्येक गावे उजनीच्या पाण्याखाली गेली. धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. ज्याची जमीन गेली, त्याने पुनर्वसनाच्या अर्जाखाली 'कृपाभिलाषी' म्हणून सही का करावी? तो कृपा मागत नाही, हक्क मागतो. आणि त्याची नात आज आमच्या वर्गात बसून तोच शब्द पाठ करते. तेही अनेकदा पुल्लिंगी, कारण छापील नमुन्यात 'आपला विश्वासू' असते आणि त्यातला 'ला' खोडून 'ली' करण्याचे धैर्य पहिल्या वर्षाच्या मुलीला होत नाही.

ईमेलने हा प्रश्न सुटला, असे कोणी म्हणेल. तिथे 'रिगार्ड्स' यंत्रच चिकटवते. प्राचार्यांना तेच, मैत्रिणीला तेच, शोकपत्रालाही तेच. लाचारी गेली खरी, पण तिच्याबरोबर नातेही गेले. असो, तो स्वतंत्र विषय.

अर्जाखाली 'अर्जदार' पुरे. 'जय भीम' म्हणून निरोप घेणाऱ्याने मित्राच्या पत्रात तेच लिहावे. गुरुजनांना नमस्कार लिहावासा वाटला तर जरूर लिहावा. वाटण्यावर गुण नसावेत. येत्या तपासणीत आम्ही 'अर्जदार' एवढेच लिहिणाऱ्याला पूर्ण गुण देणार आहोत. नियामकांनी हरकत घेतली, तर त्यांना लेखी उत्तर देऊ.