उदाहरण बदलायला हरकत नाही

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई यांस,



मी अर्थशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक. बेरोजगारीचे प्रकार वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिले. हंगामी बेरोजगारीला साखर कारखान्याचं उदाहरण ठरलेलं: गाळप संपलं की कामगार घरी. आता तोच धडा माझा एक विद्यार्थी शिकवतो. सेट आहे, पीएच.डी. आहे, आणि अनुदानित महाविद्यालयात तासिका तत्त्वावर आहे. सगळे म्हणतात ते सीएचबी. सुट्टीत मानधन नाही, म्हणून मे महिन्यात भावाच्या खताच्या दुकानात पावत्या फाडतो. परवा म्हणाला, "सर, उदाहरण बदलायला हरकत नाही." हसत म्हणाला, म्हणून जास्त लागलं.

पदवीधर नोकरीच्या लायकीचे नाहीत, ही ओरड आपल्याही कानावर येत असेल. ती खोटी नाही. 'स्वतःच्या शब्दांत लिहा' म्हटलं तरी गाईडातलीच वाक्यं उतरवणारे पेपर मीही गठ्ठ्यांनी तपासले आहेत. पण लायकी घडवायची कोणी? १९८३ साली मुख्यमंत्री वसंतदादा पाटलांनी विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना दार उघडलं. तेव्हापासून आपण जागा मोजण्यात तरबेज झालो. २०२१-२२च्या सर्वेक्षणात देशातले उच्च शिक्षण घेणारे जवळजवळ ४.३३ कोटींवर पोचले. ज्या घरात कुणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं, त्या घरातली मुलगी एसटीचा पास काढून कॉलेजात आली, ही लहान गोष्ट नव्हे. पण तिला अडलेलं विचारायला सर सापडत नाहीत. तास संपला की त्यांना दुसऱ्या गावचं कॉलेज गाठायचं असतं.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०२४च्या अहवालाप्रमाणे २०२२मध्ये आपल्या तरुण पदवीधरांत बेरोजगारी २९.१ टक्के, लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांत ३.४. शिक्षणाने माणूस बिघडतो, असा याचा अर्थ नव्हे. निरक्षराला बसून राहणं परवडत नाही, इतकंच. पदवीधर मात्र कायम नोकरीची वाट बघतो. २०२३च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागांसाठी दहा लाखांहून जास्त अर्ज आले, ते त्याच वाटेवरचे.

कौशल्याचे नवे अभ्यासक्रम जरूर आणा. त्याआधी एक करा: प्रत्येक महाविद्यालयाच्या माहितीपुस्तकात, शुल्काच्या शेजारीच, कायम शिक्षक किती आणि सीएचबी किती हे छापायला लावा. पालक जमीन गहाण ठेवून शुल्क भरतो, त्याला हे कळायला हवं. आणि रिकाम्या पदांच्या जाहिरातीची तारीखही सांगा. पदवीधरांना काम द्या, असं उद्योगांना सांगताना आपल्याच खात्याचा हजेरीपट समोर असलेला बरा.

जूनमध्ये माझ्या विद्यार्थ्याची पुन्हा मुलाखत आहे. तेच महाविद्यालय, तोच विषय, प्रमाणपत्रांचं तेच बाड. गेल्या वर्षी त्याला विचारलं होतं, "अनुभव किती?"

"सहा वर्षं, सर. इथलाच."

आपला,
एक निवृत्त प्राध्यापक