ईस्टरची टोपली निम्मी रिकामी ठेवा

मार्च लागला की आमच्या शनिवारच्या मराठी शाळेच्या पालकांच्या ग्रुपवर एक प्रश्न हमखास येतो. "ताई, ईस्टरच्या टोपलीत यंदा काय भरायचं?" इथे न्यू जर्सीत तेव्हा दुकानांत रांगाच्या रांगा सजलेल्या असतात. चकचकीत कागदात गुंडाळलेल्या तयार टोपल्या, जांभळे ससे, पिवळी पिल्लं, आणि अंड्याच्या आकाराचं जे जे म्हणून बनवता येईल ते सगळं. पालकांची अडचण खरी आहे. वर्गातली सगळी मुलं त्याबद्दल बोलत असतात, मग आपल्याच लेकराला काही नाही असं कसं चालेल? सोमवारी "तुला काय मिळालं?" ही चौकशी व्हायचीच.

माझं मत आधीच सांगून टाकते, म्हणजे घाईत असलेल्यांची सोय होईल. टोपली निम्मी रिकामी ठेवा. खाऊ एकच, पण चांगला. शिवाय दोन-तीन वस्तू अशा, की ज्यांनी मूल अंगणात जाईल किंवा घरातल्या कुणाला तरी खेळायला ओढेल. आणि टोपली हातात देऊ नका, शोधायला लावा.

थोडं मागचंही बघूया, कारण मुलं विचारतातच की ससा अंडी कशी देतो! १६८२ साली एका जर्मन वैद्यानं लॅटिनमध्ये लिहिलेल्या पुस्तिकेत अंडी लपवणाऱ्या ईस्टरच्या सशाचा उल्लेख आहे. पुढे जर्मन लोक पेनसिल्व्हेनियात येऊन वसले, तेव्हा ही कल्पनाही त्यांच्याबरोबर आली. त्यांची मुलं आपल्या टोप्यांची घरटी करून कोपऱ्यात ठेवत आणि ससा त्यात रंगीत अंडी घालून जाई. आजची टोपली म्हणजे तेच घरटं, आणि तळाशी पसरतात ते हिरवं प्लॅस्टिकचं गवत हा त्याचाच अवशेष. अंडी का, तर ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपासात पूर्वी अंडी वर्ज्य असत. कोंबड्या मात्र उपास करत नाहीत! साठलेली अंडी सणाला उकडून, रंगवून वाटली जात. म्हणजे घरट्यात मोजकी अंडी, एवढाच मूळ ऐवज. काठोकाठ भरायचं आपण नंतर शिकलो.

आता खाऊचा हिशोब. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या सल्ल्याप्रमाणे २ ते १८ वर्षांच्या मुलांच्या पोटात वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमपेक्षा कमी जावी. म्हणजे साधारण सहा चमचे. दुधाच्या चॉकलेटात जवळजवळ निम्मी साखर असते. शंभर ग्रॅमचा एक ससा खाल्ला की दोन दिवसांचा कोटा संपला, आणि टोपलीत अजून जेली बीन्सची पिशवी बाकीच! लहानग्यांच्या बाबतीत तर साखर ही दुय्यम गोष्ट. चार वर्षांखालच्या मुलांना कडक गोळ्या, शेंगदाणे, जेली बीन्स देऊच नयेत, घशात अडकतात. पाण्यात फुगणारे रंगीत मणीही नकोत, ते पोटात जाऊन फुगतात. आणि खरा ससा किंवा कोंबडीचं पिल्लू आणायचा विचार असेल तर थांबा. ससा आठ-दहा वर्षं जगतो, हौस मात्र मे महिन्यापर्यंत टिकते.

मग टोपलीत घालायचं काय? माझी सगळ्यात आवडती वस्तू आपल्या स्वयंपाकघरातच असते. मिसळणाच्या डब्यातल्या चमचाभर मेथ्या आणि मूठभर धणे. एका लहान पाकिटात मेथ्या, दुसऱ्यात धणे, बरोबर एक छोटी खुरपी आणि मुलाचं नाव घातलेली कुंडी. धणे पेरण्याआधी लाटण्यानं हलके रगडून दोन फोडी करायच्या, हे काम मुलांना फार आवडतं. मेथी चार-पाच दिवसांत डोकं वर काढते, त्यामुळे अधीर मुलांना ती बरी. कोथिंबीर दोन-तीन आठवडे वाट बघायला लावते. रोज सकाळी "आली का?" म्हणून कुंडीत डोकावणं, हा धडा कुठल्याही वर्कशीटपेक्षा मोठा आहे. इथे एप्रिलमध्ये रात्री अजून गारठा असतो, म्हणून कुंडी खिडकीतच ठेवावी. मुळ्याचं बी मिळालं तर तेही घाला. लाल छोटा मुळा महिन्याभरात खायला येतो.

दुसरं म्हणजे दोरीच्या उड्यांची दोरी, फरशीवर रेघोट्या ओढायचे जाड खडू, भिंग, चेंडू. देशातून कुणी आणले असतील तर सागरगोटे. हे एकट्यानं खेळायला फारशी मजा येत नाही, आणि मला हवंय ते नेमकं हेच. एक चिठ्ठीही घाला: "बाबांबरोबर एक तास सायकल" किंवा "आईबरोबर आज रात्री पुऱ्या लाटायच्या". मात्र अशी चिठ्ठी त्याच आठवड्यात वटली पाहिजे. न वटलेली चिठ्ठी मुलं वर्षभर लक्षात ठेवतात.

अंडी रंगवायची तर दुकानातल्या रंगाच्या गोळ्या कशाला? पाण्यात हळद उकळली की पिवळा, कांद्याच्या सालींचा तांबूस, आणि जांभळ्या कोबीच्या पाण्यात थोडं व्हिनेगर घालून पांढरं अंडं रात्रभर ठेवलं की चक्क निळा! जांभळ्या पाण्यातून निळं अंडं निघालेलं बघून मुलं जे प्रश्न विचारतात, त्यावर विज्ञानाचे दोन तास सहज जातात. उकडलेली अंडी दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नका आणि आठवड्याभरात संपवा. घरी अंडी चालत नसतील तर लाकडी किंवा कागदाच्या लगद्याची अंडी रंगवा. अडत काही नाही.

आता माझ्या खास आवडीचा भाग, कारण शेवटी मी भाषेची बाई. टोपली लपवा आणि तिच्यापर्यंत पोचायला सात-आठ चिठ्ठ्या ठेवा, मराठीत. "सोफ्याखाली बघ." "बाबांच्या बुटात हात घाल." "पोळ्यांच्या डब्यात काय आहे?" इथली आपली मुलं "सोफा खाली", "डबा मध्ये" असं बोलतात हे आपण रोज ऐकतो. शब्दयोगी अव्यय आणि सामान्यरूप फळ्यावर शिकवायला गेलं की वर्ग पेंगतो. पण सोफ्याखाली खरंच काही दडलेलं असेल, तर "सोफा"चं "सोफ्या" का झालं हे मूल आपणहून विचारतं. चपलेत, कुंडीमागे, उशीखाली, पायरीवर. एका सकाळी अख्खा धडा होतो. वाचता न येणाऱ्यांसाठी चित्रं काढा.

एक चिठ्ठी अशी ठेवा: "आजीला फोन लाव, पुढचं ती सांगेल." आपल्याकडे सकाळचे नऊ वाजतात तेव्हा तिकडे संध्याकाळचे साडेसहा. आजी जागीच असते. तिला आदल्या दिवशी सांगून ठेवा, कारण आज्या सरळ उत्तर सांगून टाकतात!

काही पालक म्हणतात, "हा आपला सण नाही, आम्ही नाही करत." नका करू, त्यात काहीच चुकीचं नाही. पण मुलाला तेवढंच सांगून सोडू नका. ईस्टर हा येशू ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाचा सण, गुड फ्रायडेनंतरच्या रविवारचा, एवढं तरी त्याला कळू दे. ससा आणि चॉकलेट म्हणजे ईस्टर, असं समजणाऱ्या मुलाला आपण अर्धवट माहिती दिलेली असते. आणि "आपला नाही" म्हणताना जरा जपून. वसईत, वांद्र्यात, गोव्यात पिढ्यानपिढ्या हा सण करणारे लोक आपलेच आहेत. शनिवारी रात्रीची प्रार्थना, उपास सुटल्यावरचं जेवण, मुंबईतल्या बेकऱ्यांमधली मार्झिपानची अंडी. वर्गात असं एखादं कुटुंब असेल तर त्यांनाच बोलायला बोलवा. तारखेचंही मुलांना सांगा. चर्चच्या गणितानं २१ मार्चला किंवा त्यानंतर जी पौर्णिमा येते, तिच्यानंतरचा पहिला रविवार म्हणजे ईस्टर. तिथी बघून सण करणाऱ्या घरातल्या मुलाला हे पटकन कळतं.

राहिली सोमवारची चौकशी. शिक्षकांना माझी विनंती आहे, "तुला काय मिळालं?" हा प्रश्न वर्गात येऊच देऊ नका. त्याचं उत्तर पालकांच्या खिशावर ठरतं आणि मुलं ते बरोबर ओळखतात. त्याऐवजी विचारा, "काय शोधलंस? कुठे सापडलं?" मग ज्याच्या घरी टोपली नव्हती, तोसुद्धा हरवलेला मोजा पलंगाखाली कसा सापडला ते सांगू शकतो. "पलंगाखाली" हे तो बरोबर म्हणतो का, तेवढं फक्त ऐका.