थंडीतली संध्याकाळ एकट्या बाईची नाही



कार्तिकातले अष्टाह्निक पर्व झाले, चातुर्मास संपला. गोधड्यांना ऊन दाखवून झाले, स्वेटर कपाटातून बाहेर आले. मेथी, मटार, ओल्या तुरीच्या शेंगा बाजारात आल्या. थंडी आली की घरातले सगळे बदलते, फक्त माणसांच्या घरी यायच्या वेळा बदलत नाहीत. सूर्य मात्र आपली वेळ बदलतो. आमच्या कोल्हापूर-सांगलीकडे जूनमध्ये सात वाजून गेल्यावर मावळणारा सूर्य नोव्हेंबरच्या अखेरीस सहाच्या सुमारासच मावळतो. ज्या घरांत शेवटच्या दोन घटिका, म्हणजे ४८ मिनिटे, सोडून जेवायची पद्धत आहे, तिथे तर सव्वापाचच्या आत ताट उचलावे लागते.

हा तासाभराचा फरक कोण भरून काढते? घरातली बाई.

साडेचारला कुकर लागतो. सव्वापाचला सासू-सासऱ्यांची पाने. सहाला शाळेतून आलेली मुले भूक-भूक करतात. नवरा दुकान बंद करून साडेआठला येतो, त्याला तव्यावरची गरम पोळी लागते. म्हणजे एकाच स्वयंपाकघरात दोनदा चूल. आणि बाहेर अभिमानाने सांगायचे, “आमच्याकडे रात्री जेवत नाहीत.” ती स्वतः नोकरी करून साडेसहाला परतत असेल तर पाणी पिऊन झोपते, किंवा “हल्लीच्या सुनांना नियम जमत नाहीत” हे ऐकून घेते.

मला रात्रिभोजन त्यागाविरुद्ध काहीही म्हणायचे नाही. तो नियम मला प्रिय आहे, म्हणूनच हे लिहिते आहे. उमास्वामींनी तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या केली, तेव्हा प्राणघाताच्या आधी प्रमाद सांगितला. मटाराच्या शेंगेत अळी असते. मेथीची जुडी पान-पान बघून निवडावी लागते. पीठ चाळायचे, पाणी गाळायचे, धान्य पाखडायचे. या सगळ्याला उजेड लागतो आणि वेळ लागतो. घड्याळाकडे बघत धावत केलेल्या स्वयंपाकात ही काळजी कुठून येणार? जीव वाचवण्यासाठी सूर्यास्तापूर्वी जेवायचे, आणि त्या घाईत शेंगेतली अळी मटारासकट शिजवायची, याला व्रत म्हणायचे का?

दुसरे, कृत, कारित आणि अनुमोदना हे आपण पाठशाळेत लहानपणीच शिकलो. स्वतः केलेले, दुसऱ्याकडून करवलेले आणि केलेल्याला संमती दिलेले, तिन्हींचा दोष लागतो. मग स्वतः पाचला जेवून उठणाऱ्याने मुलासाठी रात्री नऊला सुनेला गॅस पेटवायला सांगितले, तर ते कशात मोडते? लग्नसराईत कांदा-बटाटा नाही म्हणून “शुद्ध जैन भोजन” असा फलक लावायचा आणि पंगत रात्री नऊला बसवायची, ते कशात मोडते?

“पूर्वीच्या बायका करत नव्हत्या का?” हे उत्तर ठरलेले असते. करत होत्या. पण तेव्हा दिवेलागणीला शेतातला माणूस घरी यायचा, दुकानाची फळी लागायची. सूर्याबरोबर सगळ्या घराचाच दिवस मावळायचा. व्रत सगळ्यांचे होते, म्हणून झेपत होते. आता दिवस बाकीच्यांनी लांबवला आणि व्रत तेवढे तिच्याकडे ठेवले.

आपले आचारशास्त्र ऋतू बघते. पिठाची मर्यादा पावसाळ्यात ३ दिवस, उन्हाळ्यात ५ आणि थंडीत ७ दिवस सांगितली आहे. पिठासाठी ऋतू पाहणाऱ्या धर्माचे आपण अनुयायी, मग घरच्या वेळापत्रकासाठी ऋतू का पाहत नाही?

अवघड काही नाही. भाजी सकाळच्या उन्हात सगळ्यांनी मिळून निवडावी, सासरेबुवांनीसुद्धा. दुकानात किंवा कचेरीत असणाऱ्याने दुपारच्या डब्याबरोबर संध्याकाळचाही डबा न्यावा आणि पाचला तिथेच खावा. भाकरी आणि कोरडी भाजी गार झाली म्हणून कोणाचे बिघडत नाही. नोकरी करणाऱ्या बाईलाही हाच डबा, आणि त्या दिवशी घरचा स्वयंपाक घरी असेल त्याने करावा. ज्याला नियम पाळायचा नाही त्याने तसे स्पष्ट सांगावे आणि रात्रीचे स्वतःचे स्वतः बघावे. निदान नियमाचे श्रेय घेऊ नये.

संक्रांतीपर्यंत सूर्यास्त पुन्हा वीसेक मिनिटे पुढे सरकतो. प्रश्न या दोन महिन्यांचा आहे. एवढे दिवस घरातल्या प्रत्येकाला आपली संध्याकाळ तासभर अलीकडे आणता येत नसेल, तर ते घराचे व्रत नाही. ती एका बाईची वेठ आहे, आणि वेठीचे पुण्य कोणाच्याच खात्यावर जमा होत नाही.