चाळीस ठिपके आणि मामांचा हात

विकेंडला फुलंब्रीला मामांकडे गेले होते. मामा पेंटर. दुकानांच्या पाट्या ब्रशने लिहायचे. फ्लेक्स आले आणि रंगाचे डबे माळ्यावर गेले. या वेळी मामींच्या पापडांना लेबल हवं होतं. मी लगेच लॅपटॉप उघडला. हम हैं ना!

इंकस्केप फुकट मिळतं. पेन टूल घ्या, इथे क्लिक, तिथे क्लिक, झाली सरळ रेघ. कंट्रोल दाबून ठेवलं की ती पंधरा अंशांच्या टप्प्यांतच वळते, तिरकी पळत नाही. वळण हवं असेल तर क्लिक करून बटण न सोडता माउस ओढा. ठिपक्याला दोन्हीकडे दांड्या फुटतात. दांडी फिरवली की वळणाची दिशा बदलते, लांबवली की वळण फुगतं. हाच तो बेझिए कर्व्ह. रेनो कंपनीतले इंजिनिअर पिअर बेझिए यांनी १९६०च्या दशकात गाड्यांच्या बॉडीसाठी तो वापरात आणला.

मी 'श्री'वर चाळीस ठिपके ठोकले. अक्षर पार खडबडीत!

मामा हसले. ''एवढ्यांदा ब्रश उचलला असता तर गिऱ्हाइकानं हाकललं असतं गं. वळण कुठं सुरू होतं अन् कुठं उलटतं, तिथंच टेकायचं.''

फालतू ठिपके निवडून डिलीट केले. मग माउस मामांनी घेतला. सात ठिपक्यांत 'श्री' गुळगुळीत!

लेबल तयार झालं. मामा थोडे घुटमळले. मग कोपऱ्यात, पूर्वी पाटीवर करायचे तशी, बारीक सही केली.