आधी जॅकेट, मग वल्हं. होडी सगळ्यांत शेवटी

पुण्यातल्या कर्वेनगरच्या मुलांनी घराजवळ होडी पाहिली असेल, तर ती बहुधा पुरात. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून पाणी सुटलं आणि मुठेच्या पलीकडच्या काठावर, सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत, जवानांना सोसायट्यांच्या आवारात रबरी बोटी घालाव्या लागल्या. राजाराम पुलाच्या अलीकडे हिंगणे बुद्रुक, म्हणजे आजचं कर्वेनगर; पलीकडे हिंगणे खुर्द. एकाच नावाची दोन गावं आणि मधून नदी. तरीही या नदीशी इथल्या माणसाचा संबंध पुलावरून खाली डोकावण्यापुरता उरला आहे. उन्हाळ्यात सांडपाणी आणि जलपर्णी, पावसाळ्यात विसर्गाचे इशारे.

वारजे, शिवणे, उत्तमनगर ओलांडलं की मात्र चित्र पालटतं. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांत मिळून सुमारे २९ टीएमसी पाणी मावतं. रविवारी संध्याकाळी निम्मं पुणे खडकवासल्याच्या चौपाटीवर असतं. कणीस, भजी, चहा होतो, मुलं पाण्याकडे बघतात आणि अंधार पडायच्या आत सगळे घरी परततात. पाण्यावर जाणं हा पैसेवाल्यांचा शौक आहे, अशी एक समजूत आपल्या मनात घट्ट बसली आहे.

ती खोडून काढायला हवी. साधारण पगारात भागवणाऱ्या कुटुंबालाही आपल्या हातांनी होडी वल्हवता येईल. त्यासाठी फक्त खर्चाचा क्रम उलटा करायचा. होडीची स्वप्नं बघणारा माणूस आधी होडीचीच किंमत विचारतो आणि तिथेच थांबतो. खरं तर पहिली खरेदी जॅकेटची असावी. अंगावर बसणारं साधं लाइफ जॅकेट हजार-दीड हजारापासून मिळतं. चौघांचं घर असेल, तर एका बऱ्यापैकी मोबाइलपेक्षा कमी पैशांत सगळ्यांची सोय होते. मुलासाठी घेताना ‘वाढत्या अंगाचं’ घेण्याची आपली सवय इथे जिवावर बेतू शकते. जॅकेट घालून सगळे पट्टे आवळायचे आणि मुलाला खांद्यांवरच्या पट्ट्यांनी वर उचलून पाहायचं. जॅकेट कानांपर्यंत सरकलं, तर ते मोठं आहे; दुकानात परत द्यायचं.

दुसरी पायरी पोहण्याची, तीही परवानगी घेऊन जॅकेटसकट एखाद्या जलतरण तलावात. पाण्यात पडल्यावर जॅकेट आपल्याला कसं वर आणतं, हे मुलांनी आणि त्याहून जास्त आईबाबांनी एकदा अनुभवायला हवं. त्यानंतर भाड्याच्या होडीची पाळी. महाबळेश्वरचा वेण्णा तलाव १८४२ मध्ये साताऱ्याच्या छत्रपतींनी बांधून घेतला. आज तिथे वल्ह्यांच्या आणि पायडलच्या होड्या चालतात. ठाण्याची तलावपाळी तर भर वस्तीत आहे. अशा ठिकाणी अर्धा तास नुसतं बसून फिरण्यापेक्षा नावाड्याला विनंती करून काठाजवळ दहा मिनिटं वल्हं हातात घ्यावं. दोन्ही वल्ही सारख्या जोराने ओढली नाहीत, तर होडी गोल फिरते, हे सांगून कळत नाही. दंडाला रग लागली की कळतं.

आता घरच्या होडीविषयी. ज्या सोसायटीत दुचाकी लावायला जागा नसते, तिथे होडी ठेवणार कुठे, हा प्रश्न रास्तच आहे. हवा भरायची कयाक घडी करून माळ्यावर जाते, पण तिची किंमत पाच आकडी असते आणि सुरुवातीलाच तेवढे पैसे गुंतवणं शहाणपणाचं नाही. दुसरी वाट, घरीच होडी बांधण्याची, जास्त कष्टाची आणि जास्त आनंदाची आहे. १९६३ साली ब्रिटनमध्ये ‘डेली मिरर’ या वर्तमानपत्राने सामान्य वाचकांसाठी एक छोटी शिडाची होडी आणली. संपूर्ण संचाची किंमत होती ६३ पौंड ११ शिलिंग. कापलेल्या प्लायवूडचे तुकडे तांब्याच्या तारेने टाचायचे, सांध्यांवर काचतंतूंची पट्टी आणि राळ बसवायची, की घरच्या घरी जेमतेम अकरा फुटांची होडी तयार. लाल शिडांच्या या ‘मिरर’ होड्या पुढे सुमारे ७० हजार झाल्या आणि असंख्य मुलं त्यांच्यावर शीड सांभाळायला शिकली. एका वर्तमानपत्राने वाचकांच्या घरात होडी पोहोचवली, ही गोष्ट मराठी वर्तमानपत्रात सांगताना हेवा वाटल्याशिवाय राहत नाही.

अशा होडीसाठी लागणारं प्लायवूड इथेही मिळतं. ज्याला आपण ‘मरीन प्लाय’ म्हणून ओळखतो आणि ओट्याखालच्या कपाटांना लावतो, त्याचं मानक आयएस ७१०. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटचा रस्ता पुणेकराला नवा नाही. सुतारकाम जाणणारे हातही शहरात भरपूर आहेत. म्हणजे माल आहे, कसब आहे. नाही ती होडी ठेवायची जागा आणि ती पाण्यात सोडायची हक्काची पायवाट. या दोन्ही गोष्टी कुटुंब विकत घेऊ शकत नाही, त्या शहरानेच द्यायला हव्यात.

पाण्यावरची परंपरा या शहराला मुळीच परकी नाही. पर्वतीच्या पायथ्याशी नानासाहेब पेशव्यांनी तळं करवून घेतलं. त्यातल्या बेटावरच्या गणपतीला होडीतून जावं लागे, म्हणून तो तळ्यातला गणपती. तळ्यावरच्या नावेत पेशव्यांची खलबतं चालत आणि वल्हवायला मराठी न समजणारे हबशी नावाडी ठेवलेले असत, असं सांगतात. पुढे तळं आटलं, तिथे सारसबाग झाली. शिवाजीनगरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा बोट क्लब मात्र अजून आहे. तिथले विद्यार्थी दरवर्षी रेगाटा भरवतात आणि काठावर गर्दी जमते. सांगलीत तर कृष्णेवर होड्यांच्या शर्यती लागल्या, की गावंच्या गावं घाटावर लोटतात.

दत्तू भोकनळचं उदाहरण यातलं सर्वांत बोलकं. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा, दुष्काळी भागातला हा मुलगा वडिलांबरोबर विहिरी खोदायच्या कामावर जायचा. लष्करात भरती झाल्यावर त्याने पुण्यात दापोडीच्या लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालयात सराव केला. सुरुवातीला त्याला पाण्याची भीती वाटत असे. तोच २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकला एकेरी नौकानयनात तेरावा आला आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या संघातून सुवर्णपदक घेऊन परतला. त्याला पाणी भेटलं ते लष्करामुळे. कर्वेनगरच्या मुलीला ते महापालिकेमुळे का भेटू नये?

म्हणून मागणी अगदी साधी आहे. खडकवासल्याच्या काठावर, जलसंपदा विभागाच्या देखरेखीखाली, महापालिकेने हातवल्ह्यांच्या होड्यांचं केंद्र काढावं. इंजिन नको, वॉटर स्कूटर नको. लहान मुलांच्या मापापासूनची जॅकेटं, वल्हवायला शिकवणारी माणसं, आणि सिनेमाच्या तिकिटाहून कमी दराचा ठळक फलक. शिकवणारी माणसं शोधायला फार लांब जावं लागणार नाही. पिढ्यान्‌पिढ्या पाण्यावर पोट भरणारे भोई आणि कोळी आहेत, त्यांना मानाचं काम मिळेल. पिण्याचं पाणी आहे म्हणून होड्या नकोत, हा आक्षेप लगेच येईल. पण याच जलाशयावर, पीकॉक बे इथे, राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे छात्र नौकानयनाचे धडे घेत आले आहेत. वल्ह्याने पाणी नासत नाही. ते नासतं काठावर टाकलेल्या प्लास्टिकने आणि वरच्या अंगाच्या सांडपाण्याने, आणि त्यावर आजही म्हणावा तसा आवाज उठत नाही.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे, त्याला उडवून लावता येणार नाही. ८ ऑगस्ट २०१९ ला सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला पुरातून माणसं काढणारी, क्षमतेपेक्षा जास्त भरलेली बोट उलटली. १८ जानेवारी २०२४ ला वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीतली १२ मुलं आणि २ शिक्षिका बुडाल्या. तिथेही बोटीत मर्यादेपेक्षा जास्त माणसं होती आणि जॅकेटं मोजक्यांच्याच अंगावर. २१ मे २०२४ ला उजनी जलाशयात कुगाव ते कळाशी जाणारी बोट वादळी वाऱ्यात सापडली, ६ जीव गेले. या बातम्या वाचून पाण्यालाच दोष देणं सोपं आहे, पण जादा भरणा, जॅकेटांचा अभाव आणि वळवाच्या वाऱ्याकडे दुर्लक्ष ही कारणं माणसांची आहेत. शिकलेला प्रवासी बोटीत पाय ठेवण्याआधी माणसं मोजतो आणि जॅकेट मागतो. ते मिळालं नाही, तर काठावरच थांबतो.

कायद्याचीही वाट बंद नाही. १९१७ चा जुना कायदा जाऊन २०२१ मध्ये अंतर्देशीय जलयानांसाठी नवा कायदा आला. इंजिनाच्या बोटींना त्यात नोंदणी आणि तपासणी सक्तीची आहे. इंजिन नसलेल्या होड्यांसाठी त्यात वेगळं प्रकरण आहे आणि त्यांचं काम राज्य सरकारला स्थानिक स्वराज्य संस्थांकडे सोपवता येतं.

ऑक्टोबरात पाऊस सरतो, धरणं बहुतेक काठोकाठ असतात आणि सकाळी सात ते दहा वारा पडलेला असतो. तिथपासून फेब्रुवारीपर्यंतचे पाच महिने या कामाला उत्तम. केंद्र उघडेपर्यंत कर्वेनगरच्या एखाद्या घराने या दिवाळीच्या खरेदीत चार जॅकेटं घ्यावीत, सुट्टीत पोरांना जलतरण तलावात तरंगून दाखवावं आणि महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात होड्यांच्या मागणीचा एक अर्ज देऊन त्याची पोच घ्यावी.