नेपाळमार्गे येणाऱ्या सोयातेलाबाबत मागणीपत्र

प्रति,
केंद्रीय वाणिज्य मंत्रालय, नवी दिल्ली

महोदय,

आम्ही फ्रीगंज, उज्जैन येथील सोयाबीन आणि खाद्यतेलाचे लहान व्यापारी व आडते. नेपाळहून येणाऱ्या सोयातेलाने आमचा धंदा मार खातो. तरीही सीमा बंद करा, असे आम्ही म्हणत नाही (नावातच ‘फ्री’ असलेल्या पेठेला ते शोभणारही नाही).

नेपाळ कच्चे तेल परदेशातून आणतो, शुद्ध करतो आणि आपल्यालाच विकतो. 14 सप्टेंबर 2024 पासून आपल्याकडे रिफाइंड तेलावर एकूण 35.75 टक्के आयातशुल्क आहे. दक्षिण आशियाई मुक्त व्यापार क्षेत्राच्या (साफ्टा) करारामुळे नेपाळी मालावर ते शून्य. एवढ्या फरकावर कारखाना माळरानावरही चालेल.

पण समुद्राची वाट शेजाऱ्याच्या अंगणातून जाणाऱ्या देशाला कोंडले, तर तो दुसरी वाट शोधतोच. 2015 मध्ये सीमेवरची वाहतूक अडली, नेपाळात गॅस-पेट्रोलची टंचाई झाली आणि मार्च 2016 मध्ये त्याने चीनशी पारगमन करार केला. वाट अडली की काय होते, हे आमच्या माळव्याने स्वतः भोगले आहे. अफूवर इंग्रजांची मक्तेदारी इथल्या शिंदे दरबाराने मान्य केली नाही. माल पाली-कराचीमार्गे पोर्तुगीजांच्या दमणला जाई. 1843 मध्ये इंग्रजांनी सिंध घेतला, ती वाट बुजली आणि अफूच्या पेटीमागचा इंग्रजांचा कर चार वर्षांत 125 रुपयांवरून 400 वर गेला. धंदा अफूचा होता, त्याचे गोडवे गायचे कारण नाही. पण एकच वाट उरली की भाव तिचा मालकच ठरवतो.

म्हणून आमची मुख्य मागणी कोट्याची आहे. 2002 च्या भारत-नेपाळ व्यापार करारात वनस्पती तुपाला वर्षाला एक लाख टनांची शुल्कमुक्त मर्यादा घातली होती. तशीच मर्यादा सोयातेलाला नेपाळशी बोलून ठरवा, वर्षभर आधी जाहीर करा, टप्प्याटप्प्याने लागू करा. रातोरात अधिसूचना नको. तिचा फटका वाटेतल्या मालाला आणि आम्हालाही बसतो. सवलतीसाठीची 30 टक्के मूल्यवृद्धी नुसत्या दाखल्यावर न मानता खरेदीच्या कागदांवरून तपासावी. नेपाळात पिकलेल्या तेलबियांच्या तेलाला मात्र पूर्ण सूट राहू द्या.

सोयाबीनचे भाव पडले ते एकट्या नेपाळमुळे नव्हे, हेही मान्य करतो. क्विंटलातून तेल निघते साधारण 18 किलो, बाकी बहुतेक पेंड. आणि पेंडीलाच उठाव नाही. 2025-26 चा 5328 रुपयांचा हमीभाव मंडीत मिळेना, म्हणून राज्याला भावातला फरक भरून देणारी भावांतर योजना आणावी लागली. तेव्हा पेंडीच्या निर्यातीसाठी बांगलादेश आणि नेपाळशीच बोलणी करावीत. तेलाचा कोटा ठरवायला बसाल, तेव्हा हा विषयही त्याच बैठकीत घ्यावा.

आपले,
संघटनेचे सर्व सभासद
फ्रीगंज, उज्जैन